कमाई तिची, जप्ती सरकारची

माणसांचा व्यापार करणाऱ्यांना तुरुंगात पाठवण्याविषयी आपण खूप बोललो. त्यांनी जमवलेला पैसा, घेतलेल्या खोल्या, बांधलेली घरे यांचे काय होते, हे फारसे कोणी विचारत नाही. आणि ज्यांच्या शरीरावर, श्रमावर ती मालमत्ता उभी राहिली, त्यांच्या हाती तिच्यातले काय पडते, हे तर त्याहून कमी विचारले जाते.

पंचनाम्यात काय येते

कुंटणखान्यावर छापा घालायचा तर पहिली कागदपत्रे पोलिस ठाण्यातच तयार होतात. दोन पंच बोलावले जातात. बनावट गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्या माणसाची अंगझडती होते, मग त्याच्या हाती पाचशेच्या काही नोटा दिल्या जातात आणि प्रत्येक नोटेचा क्रमांक पंचनाम्यात उतरवला जातो. इशारा ठरतो, बहुतेकदा मिस्ड कॉल. इशारा मिळाला की पथक आत शिरते. त्यानंतरच्या पंचनाम्यातला मजकूर जवळपास ठरलेला असतो. त्याच क्रमांकांच्या नोटा, गल्ल्यातली थोडी रोकड, दोन-तीन मोबाइल, निरोधची पाकिटे, आणि सापडलीच तर हिशोबाची वही. सगळे पाकिटांत जाते, पाकिटांवर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या लागतात, लाखेचे सील बसते आणि मुद्देमाल कारकुनाच्या रजिस्टरात एक नोंद वाढते.

दुसऱ्या दिवशीच्या बातमीत छापलेली मुद्देमालाची किंमत काही हजारांची असते. ज्या खोलीत हे सारे सापडले ती खोली त्या किमतीत नसते. खोलीचा मालक, त्याला पोहोचणारे भाडे, कुंटणखाना चालवणाऱ्या घरवालीच्या भावाच्या नावावरचे बँक खाते, दलालाने गावाकडे बांधलेले दुमजली घर, मुलीला ज्या गाडीतून आणले ती गाडी, यांचा त्या दोन-तीन पानांत उल्लेख नसतो. आरोपी पकडले जातात, जामीन होतो, खटला वर्षानुवर्षे चालतो. धंद्याचे भांडवल मात्र जागच्या जागी राहते. भांडवल शाबूत असेल तर नवी मुलगी आणायला वेळ लागत नाही.

जप्त झालेली रोकडही पुढे कोणाच्या कामी येते असे नाही. खटला संपेपर्यंत ती मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशे आणि हजारच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा देशभरातल्या ठाण्यांत आणि न्यायालयांत सील करून ठेवलेल्या अशा नोटांचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. शेवटी 2017 मध्ये जप्त नोटा बँकेत भरण्यासाठी केंद्र सरकारला वेगळे नियम काढावे लागले. पैसा जप्त होऊन पडून राहतो आणि त्याच्यावर हक्क सांगणारे माणूस समोर नसते, ही या विषयातली जुनी दुखरी जागा आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात मानवी तस्करीच्या 2,250 गुन्ह्यांची आणि 6,036 पीडितांची नोंद आहे. सर्वाधिक 391 गुन्हे तेलंगणात, त्याखालोखाल 295 महाराष्ट्रात. या गुन्ह्यांतून कमावलेली किती मालमत्ता सापडली, किती जप्त झाली आणि किती पीडितांपर्यंत पोहोचली, हा हिशोबही अशा अहवालात ठळकपणे यायला हवा.

धंद्याचा हिशोब

मानवी तस्करी हा क्रौर्याचा गुन्हा आहे, हे सगळेच मानतात. तो नफ्याचा गुन्हा आहे, हे पुरेसे मानले जात नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2024 मध्ये सक्तीच्या श्रमाच्या अर्थकारणावर अहवाल काढला. जगभरात सक्तीच्या श्रमातून दरवर्षी 236 अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो, असा तिचा अंदाज आहे. 2014 च्या अंदाजापेक्षा तो 37 टक्क्यांनी जास्त आहे. खासगी व्यक्तींनी सक्तीने राबवलेल्यांपैकी लैंगिक शोषणात अडकलेल्यांचे प्रमाण 27 टक्के. पण एकूण नफ्यातला 73 टक्के वाटा तिथून येतो. अशा एका व्यक्तीमागे वर्षाला 27 हजारांहून अधिक डॉलर.

हा नफा तयार कसा होतो ते मुंबई-पुण्याच्या वस्त्यांतल्या रोजच्या बोलीतच सांगता येते. दलाल मुलगी आणतो, घरवाली तिची किंमत मोजते, आणि ती किंमत त्या मुलीच्याच नावावर कर्ज म्हणून चढते. ते फिटेपर्यंत ती ‘छुकरी’. तिच्या कमाईतला एक पैसाही तिच्या हाती येत नाही. कर्ज फिटले असे घरवालीने मान्य केले की ती ‘अधिया’वर येते, म्हणजे निम्मे तिचे, निम्मे घरवालीचे. त्या निम्म्यातूनही खाटेचे भाडे, जेवण, वीज, कपडे, डॉक्टर वजा होतात.

समजा दीड लाखाला आणलेल्या मुलीकडून दिवसाला दोन हजारांची कमाई होते. साध्या गणिताने अडीच महिन्यांत तिची ‘किंमत’ वसूल झाली. पण वहीत व्याज आहे, आजारपणाचे दिवस आहेत, पळून जाण्याचा प्रयत्न केला म्हणून लावलेला दंड आहे. वही घरवालीच्या हाती असते आणि मुलीला बहुधा वाचता येत नाही. अडीच महिन्यांची तीन वर्षे होतात. त्या तीन वर्षांतला प्रत्येक रुपया कुठे तरी गेलेला असतो. कुणाच्या सोन्यात, कुणाच्या जमिनीत, कुणाच्या खोलीच्या पागडीत.

वीटभट्टीवर आणि कोळसाभट्टीवर हेच गणित ‘उचल’ या नावाने चालते. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम काही हजार देतो, दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाते आणि हंगामाअखेरीस उचल फिटलेली नसते. रायगड, ठाणे, पालघरच्या कातकरी पाड्यांवर हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मालक वेगळा, जागा वेगळी. पण दुसऱ्याच्या श्रमाची कमाई कर्जाच्या नावाने स्वतःकडे वळवायची, ही रीत एकच.

म्हणून जप्तीचा प्रश्न शिक्षेच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे. पकडला गेलेला दलाल सहज बदलता येतो. अडकलेला पैसा सहज सोडवता येत नाही.

1956 चा कायदा आणि खोलीचा प्रश्न

स्वतंत्र भारताने या गुन्ह्यासाठी केलेला पहिला मोठा कायदा 1956 चा. 1986 च्या दुरुस्तीनंतर तो अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा या नावाने ओळखला जातो. ठाण्यांत आणि बातम्यांत त्याला पिटा म्हणतात. त्याने जागेचा विचार केला होता. कलम 3 नुसार कुंटणखाना चालवणारा आणि त्यासाठी जाणूनबुजून जागा देणारा, दोघेही गुन्हेगार ठरतात. कलम 18 नुसार सार्वजनिक ठिकाणापासून दोनशे मीटरच्या आत कुंटणखाना चालत असल्याची माहिती मिळाल्यास दंडाधिकारी मालकाला आणि तिथे राहणाऱ्याला नोटीस काढू शकतात. सात दिवसांत खुलासा समाधानकारक वाटला नाही, तर जागा रिकामी करून घेण्याचा आदेश देता येतो. त्यानंतर वर्षभर, आणि छाप्यात अल्पवयीन सापडले असेल तर तीन वर्षे, दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती जागा भाड्याने देता येत नाही. या आदेशावर अपीलही नाही.

या कलमाचा अर्थ लावण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कोलकात्यातल्या एका बारच्या चालकांना या कायद्याखाली शिक्षा झाल्यावर त्यांना त्या जागेतून बाहेर काढता येईल का, यावर 1975 मध्ये न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. दोषी ठरलेल्यालाच जागेतून काढता येत नसेल तर कायद्याचा हेतूच फसेल, या भूमिकेतून न्यायालयाने बेदखलीचा अधिकार मान्य केला. निकाल पन्नास वर्षे जुना आहे आणि आजही उपयोगी आहे.

पण या कायद्याची मर्यादाही त्याच्या मजकुरातच आहे. तो जागा बंद करतो. ती सरकारजमा करत नाही, की तिथे झालेली कमाई शोधून काढत नाही. कुंटणखाना चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंडाची कमाल रक्कम आहे दोन हजार रुपये. बंदीची मुदत संपली की जागा मालकाची ती मालकाचीच. आणि बेदखलीचा पहिला घाव बसतो तो आत राहणाऱ्या बायकांवर.

गोव्यातल्या बायणा किनाऱ्यावर काय घडले ते पाहा. वास्कोजवळच्या या वेश्यावस्तीविषयी 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने आदेश दिले आणि जून 2004 मध्ये, ऐन पावसाच्या तोंडावर, तिथल्या शेकडो खोल्या जमीनदोस्त झाल्या. वस्ती हटली. तिथल्या बायकांच्या कमाईवर वर्षानुवर्षे जगलेल्यांची मालमत्ता शोधून ती त्या बायकांना देण्याची यंत्रणा कुठेच नव्हती. अन्याय रहित जिंदगी या संस्थेने पुढे गोव्यात अशा स्त्रियांसाठी ‘स्विफ्ट वॉश’ ही लॉन्ड्री उभी केली, नियमित पगाराची कामे दिली. एका छोट्या संस्थेला जे सुचले आणि जमले, त्यासाठी लागणारे भांडवल खरे तर त्या बायकांच्याच कमाईतून, ती खाणाऱ्यांकडून वसूल व्हायला हवे होते.

मुंबईतही फेब्रुवारी 1996 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कामाठीपुऱ्यात मोठी कारवाई झाली आणि चारशेहून अधिक मुलींना बाहेर काढण्यात आले. त्यांत नेपाळच्या मुली मोठ्या संख्येने होत्या. त्या शासकीय गृहांत राहिल्या, कित्येक आपल्या देशी परतल्या. त्यांनी मुंबईत कमावलेले मुंबईतच राहिले. आज म्हाडामार्फत त्याच कामाठीपुऱ्याच्या पुनर्विकासाची हालचाल सुरू आहे. मालकांना आणि भाडेकरूंना कागदाप्रमाणे वाटा मिळेल. खाटेपुरत्या जागेत आयुष्य घालवलेल्या बाईचे नाव मात्र सहसा कुठल्याच कागदावर नसते.

मोठे कायदे, अपुरी पकड

संघटित गुन्हेगारीचा पैसा पकडण्यासाठी महाराष्ट्राने 1999 मध्ये मकोका हा कायदा आणला. त्याच्या कलम 20 मध्ये मालमत्तेवर टाच आणण्याची आणि दोषी ठरल्यावर ती सरकारजमा करण्याची तरतूद आहे. हाच कायदा पुढे दिल्लीला लागू झाला आणि 2016 मध्ये दिल्ली पोलिसांनी जी. बी. रोड या वेश्यावस्तीतल्या तस्करीच्या एका मोठ्या प्रकरणात तो वापरला. टोळीयुद्धासाठी केलेला महाराष्ट्राचा कायदा माणसांच्या बाजारापर्यंत पोहोचला, हे महत्त्वाचे आहे.

दुसरे मोठे हत्यार म्हणजे 2005 पासून अमलात असलेला मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा. सक्तवसुली संचालनालय, म्हणजे ईडी, त्याखाली मालमत्तेवर 180 दिवसांपर्यंत तात्पुरती टाच आणू शकते. न्यायनिर्णय प्राधिकरणाने ती कायम केली की खटला संपेपर्यंत टाच राहते आणि दोष सिद्ध झाल्यावर मालमत्ता जप्त होते. या कायद्याच्या परिशिष्टात पिटाची कलमे आहेत, पण कोणती ते बारकाईने पाहायला हवे. कलम 5, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी माणूस मिळवणे. कलम 6, डांबून ठेवणे. कलम 8, गिऱ्हाइकांना खुणावणे. कलम 9, ताब्यातल्या व्यक्तीला या व्यवसायाकडे ओढणे. कुंटणखाना चालवण्याचे कलम 3 आणि दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जगण्याचे कलम 4 तिथे नाहीत.

रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या बाईवर जे कलम लावले जाते ते मनी लाँडरिंगच्या यादीत आहे. तिच्या कमाईवर घर बांधणाऱ्याचे कलम त्या यादीत नाही. पैशाचा माग काढण्यासाठी केलेल्या कायद्यातली ही उणीव संसदेने दूर करायला हवी. तिच्यासाठी नवा कायदाही लागणार नाही, परिशिष्टात एक दुरुस्ती पुरेल.

साध्या पोलिस तपासाचे हात वेगळ्याच ठिकाणी बांधलेले होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 102 खाली पोलिस संशयित वस्तू जप्त करू शकत, बँक खाती गोठवू शकत. जमीन, घर, खोली यांचे काय? नेवाडा प्रॉपर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये स्पष्ट केले, की या कलमाखाली पोलिसांना स्थावर मालमत्ता जप्त करता येणार नाही. निकाल योग्यच होता. ठाण्यातल्या अधिकाऱ्याने कोणाच्याही घराला कुलूप लावावे हे लोकशाहीत बसत नाही. पण तस्करीच्या पैशातून घेतलेल्या घरापर्यंत पोहोचण्याचा सरळ रस्ता त्यामुळे सामान्य तपासात उरला नव्हता.

कलम 107: नवी वाट

1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिचे कलम 107 या विषयात मला सर्वांत आशादायक वाटते. त्याची पावले अशी आहेत.

तपास अधिकाऱ्याला एखादी मालमत्ता गुन्ह्यातून मिळाली आहे असे मानण्यास कारण असेल, तर तो पोलिस अधीक्षकांची किंवा आयुक्तांची मान्यता घेऊन न्यायालयाकडे अर्ज करतो. न्यायालय त्या व्यक्तीला चौदा दिवसांत कारण दाखवण्याची नोटीस काढते. मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर ठेवली असेल तर त्यालाही नोटीस जाते. नोटीस काढल्याने मालमत्ता हातची जाईल असे दिसले, तर न्यायालय एकतर्फी अंतरिम टाच आणू शकते. सुनावणीअंती मालमत्ता गुन्ह्यातूनच आली असे ठरले, की ती गुन्ह्याने बाधित झालेल्यांना प्रमाणशीर वाटून देण्याचा आदेश न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना देते. वाटपासाठी मुदत आहे साठ दिवस. कोणी हक्कदार सापडले नाही किंवा वाटून काही उरले, तरच ते सरकारजमा होते.

या क्रमाने माझ्या मते मोठी गोष्ट घडते. आधी पीडित, मग सरकार. आजवर जप्त म्हणजे सरकारचे, आणि पीडितेला द्यायचे ते सरकारच्या तिजोरीतून, दयेने आणि उशिराने, असाच रिवाज होता. नुकसानभरपाईच्या योजना आहेत. वेठबिगारीतून सुटलेल्यांसाठी केंद्राच्या 2016 च्या योजनेत एक, दोन आणि तीन लाखांची मदत ठरली. कुंटणखान्यातून वा तस्करीतून सोडवलेल्या स्त्रिया आणि मुले तीन लाखांच्या गटात येतात. पण पूर्ण रकमेसाठी दोषसिद्धीची अट आली आणि माणसे वर्षानुवर्षे वाट पाहत राहिली. मदत आवश्यकच आहे. मात्र मदत आणि हक्काची परतफेड यांत अंतर आहे. तिने कमावलेले तिला मिळाले, तर ते तिच्यावर कुणाचे उपकार नसतात.

हे कलम आपोआप चालणार नाही. ते चालवायचे तर तपासाची सवय बदलावी लागेल. पहिल्या जबाबातच तिला विचारावे लागेल: दिवसाला किती मिळायचे, पैसे कोण घ्यायचे, कोणत्या ॲपवर जायचे, घरी पाठवले तर कोणामार्फत, वही कोण लिहायचे. हे प्रश्न आपुलकीने आणि समुपदेशक जवळ असताना विचारले, तर ती सांगते. कारण आपल्याकडून काय हिरावले गेले हे तिला नेमके ठाऊक असते. मग यूपीआयचे व्यवहार, भाडेकरार, दुय्यम निबंधकाकडची सूची क्रमांक दोन, गावचा सातबारा, वाहनाची नोंदणी, हे सारे आरोपपत्राआधी गोळा व्हायला हवे. तस्करीविरोधी पथकात पैशाचा माग काढणारे एक माणूस कायम असावे, ही मागणी चैनीची म्हणता येणार नाही.

जप्तीने कोणाला मारू नये

जप्तीचा अधिकार मोठा आहे, म्हणून त्याची भीतीही खरी आहे. छाप्याच्या वेळी खोलीतली प्रत्येक नोट ‘धंद्याची’ धरली जाते. त्यात एखाद्या बाईने मुलाच्या शाळेच्या फीसाठी पेटीत तळाला ठेवलेले पैसे असतात, तिचे मंगळसूत्र असते, तिचा मोबाइल असतो. ते सारे मुद्देमालात गेले तर तिला वाचवायला आलेल्या कायद्याने तिलाच लुटले असे होते.

सांगलीत संग्राम संस्था आणि वेश्या अन्याय मुक्ती परिषद नव्वदच्या दशकापासून हेच सांगत आल्या आहेत. स्वेच्छेने हा व्यवसाय करणाऱ्या प्रौढ स्त्रीला आणि तस्करी झालेल्या मुलीला एकाच मापाने मोजू नका. छापे आणि बेदखली यांनी आधी बायकांचेच घर मोडते. सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात 19 मे 2022 रोजी दिलेल्या निर्देशांत ही गोष्ट मान्य केली. कुंटणखाना चालवणे बेकायदा आहे, स्वेच्छेने केलेला व्यवसाय नव्हे. छाप्यात अशा स्त्रियांना अटक, दंड किंवा छळ होता कामा नये.

आणखी एक अवघड सत्य आहे. आजच्या कित्येक घरवाल्या काल स्वतः विकल्या गेलेल्या मुली होत्या. तिच्या नावावरच्या खोलीतला किती भाग गुन्ह्याचा आणि किती भाग तिच्या स्वतःच्या लुटलेल्या तारुण्याचा, हे ठरवायला न्यायाधीशाजवळ कायद्याबरोबर शहाणपणही हवे. दोषसिद्धीच्या आधी मालमत्ता गोठवताना पुरावा काटेकोर हवा, सुनावणी खरी हवी, आणि राहत्या घरातून माणसे काढणे हा शेवटचा उपाय हवा. मनी लाँडरिंग कायद्यावरच्या 27 जुलै 2022 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही खटल्याआधी ताबा घेणे हा अपवाद असावा असे म्हटले आहे. अमेरिकेत जप्त पैशाचा वाटा पोलिस खात्यांना मिळू लागला, तेव्हा खात्यांना जप्तीचीच चटक लागल्याची टीका झाली. आपल्या कलम 107 मध्ये पोलिसांना वाटा नाही. ही शिस्त टिकवली पाहिजे.

सीमेपलीकडचा पैसा

अमेरिकेच्या 2000 सालच्या तस्करीविरोधी कायद्याने एक मूलभूत गोष्ट केली. दोषी ठरलेल्याने पीडिताला परतफेड करणे तिथे बंधनकारक आहे, आणि ती मोजताना पीडिताच्या श्रमातून गुन्हेगाराला मिळालेले एकूण उत्पन्न किंवा किमान वेतनाने होणारी मजुरी, यांतली मोठी रक्कम धरली जाते. म्हणजे हिशोब पीडितेच्या गरजेचा होत नाही, तिच्या कमाईचा होतो.

या विचाराचे मोठे उदाहरण बॅकपेज या संकेतस्थळाचे. तस्करी झालेल्या स्त्रियांच्या आणि मुलींच्या जाहिराती छापून त्यावर पैसा कमावणारे हे संकेतस्थळ एप्रिल 2018 मध्ये अमेरिकी सरकारने ताब्यात घेतले. त्यातून जप्त झालेले 20 कोटींहून अधिक डॉलर पीडितांना देण्याची प्रक्रिया 2025 मध्ये सुरू झाली. सात वर्षे लागली. पण पैसा ज्यांच्या नावाचा होता त्यांच्या दिशेने निघाला. ब्रिटनच्या 2015 च्या आधुनिक गुलामगिरी कायद्यातही जप्त मालमत्तेतून पीडिताला भरपाई देण्याचे आदेश काढता येतात. इटलीने 1996 मध्ये कायदा करून माफियांची जप्त घरे आणि जमिनी सामाजिक कामासाठी द्यायला सुरुवात केली.

आता हा प्रश्न आपल्या तरुणांच्या दारात आला आहे. म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या तळांवर नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांना पासपोर्ट काढून घेऊन, मारहाण करून, इतरांना फसवायला भाग पाडले जाते. मार्च 2025 मध्ये थायलंड सीमेवरून पाचशेहून अधिक भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावे लागले. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला अमेरिकेने असे तळ चालवल्याबद्दल कंबोडियातल्या प्रिन्स समूहाच्या प्रमुखावर आरोप ठेवले आणि 1,27,271 बिटकॉइन सरकारजमा करण्याचा दावा दाखल केला. त्या वेळी त्यांची किंमत होती सुमारे 15 अब्ज डॉलर. अमेरिकी न्याय विभागाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी जप्तीची कारवाई.

या पैशावर पहिला हक्क कोणाचा? ज्यांची आयुष्यभराची पुंजी फसवणुकीत गेली त्यांचा आहेच. पण कुंपणाआड मार खात ज्यांनी ते संगणक चालवले त्यांचाही आहे, आणि त्यांची दखल सहजी घेतली जात नाही. संघटित गुन्हेगारीविरोधी संयुक्त राष्ट्रांच्या करारात जप्त मालमत्ता दुसऱ्या देशाला पीडितांच्या भरपाईसाठी परत देण्याचा प्राधान्याने विचार करावा असे कलम 14 सांगते. भारताने 2011 मध्ये या कराराला मान्यता दिली आहे. आपल्या नागरिकांच्या वतीने तिथे दावा मांडणे हे आपल्या सरकारचे काम आहे.

परतफेडीची परंपरा आपलीही

हे सारे परदेशातून शिकायचे आहे असे मुळीच नाही. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने एका झटक्यात सांगितले, की वेठबिगाराचे कर्ज संपले. कलम 6 ने त्याची परतफेड रद्द केली, कलम 7 ने कर्जापोटी गहाण पडलेली त्याची मालमत्ता मोकळी केली, आणि कलम 8 ने ज्या घरात तो वेठीपोटी राहत होता तिथून त्याला हाकलता येणार नाही असे ठरवले. वसई-भिवंडीच्या भागात विवेक पंडित आणि श्रमजीवी संघटनेने ऐंशीच्या दशकात या कायद्याच्या आधारे आदिवासी वेठबिगार मुक्त केले, तेव्हा मुक्ती म्हणजे साखळी तुटणे इतकेच नव्हते. डोक्यावरचे छप्पर आणि पायाखालची जमीन राखणेही होते. राज्यघटनेच्या कलम 23 ने माणसांचा व्यापार आणि वेठ एकाच वाक्यात निषिद्ध ठरवले आहेत. मग वेठबिगाराच्या घराला जे संरक्षण 1976 मध्ये मिळाले, त्याच तोडीचा हक्क विकल्या गेलेल्या मुलीच्या कमाईला का मिळू नये?

2018 मध्ये लोकसभेने मंजूर केलेल्या तस्करीविरोधी विधेयकात मालमत्ता जप्तीची आणि पुनर्वसन निधीची तरतूद होती. राज्यसभेत ते मंजूर झाले नाही आणि 2019 मध्ये लोकसभेबरोबर संपले. त्यावर आक्षेप होते, काही रास्तही होते. पण नव्या विधेयकाची वाट पाहत बसण्याची गरज आज उरलेली नाही. कलम 107 हातात आहे.

महाराष्ट्रात काय करता येईल ते नेमके सांगता येते. तस्करीच्या प्रत्येक गुन्ह्यात मालमत्तेचा तपास वेगळ्या प्रकरणात नोंदवून तो आरोपपत्रासोबत यावा. कलम 107 खालचा अर्ज का केला नाही, याचे लेखी कारण पोलिस अधीक्षकांनी द्यावे. छाप्यातली बाईची स्वतःची पुंजी, दागिने आणि फोन यांची वेगळी यादी व्हावी आणि पुराव्यासाठी नोंदी व छायाचित्रे घेऊन ते शक्य तितक्या लवकर तिच्याकडे परत जावेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने पीडितेला पहिल्या आठवड्यातच वकील द्यावा, म्हणजे वाटपाच्या वेळी तिचा दावा तयार असेल. ती झारखंडला, बंगालला किंवा नेपाळला परतली असली तरी रक्कम तिच्या स्वतःच्या खात्यात पोहोचावी. बाप, भाऊ किंवा संस्था यांच्या खात्यात नव्हे. अल्पवयीन असेल तर ती मुदत ठेव म्हणून तिच्या नावावर राहावी. आणि दरवर्षी विधिमंडळासमोर एक तक्ता यावा: किती मालमत्तेवर टाच आली, किती विकली गेली, किती जणींना किती मिळाले.

त्या तक्त्यातला शेवटचा रकाना ज्या वर्षी शून्याच्या पुढे सरकेल, त्या वर्षी या राज्यात तस्करीविरुद्धचा कायदा पीडितेच्या बाजूने उभा राहिला असे म्हणता येईल. तोवर आपण गुन्हेगार पकडतो आहोत. तिचे तिला देत नाही आहोत.